ग्लासातलं पाणी पाण्यासारखं का दिसत नव्हतं

कॉम्प्युटरवर थ्रीडीमध्ये पाण्याने भरलेला काचेचा ग्लास रेंडर करायला (म्हणजे मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र काढायला) घेतला आणि तीन संध्याकाळी त्यातच गेल्या. नुसती काच छान दिसायची, नुसतं पाणीही छान, पण पाणी ग्लासात ठेवलं की दोन्ही कडांना चंदेरी पट्टा यायचा, आत पारा भरल्यासारखा. मग लाइट हलवून बघ, सॅम्पल्स (दर पिक्सेलमागे किती किरण मोजायचे ते) वाढव, एचडीआरआय (भोवतालचा प्रकाश देणारा फोटो) बदल, सगळं झालं, पट्टा तिथेच.

शेवटी वायरफ्रेममध्ये (मॉडेलच्या नुसत्या रेषा दाखवणाऱ्या दृश्यात) झूम केलं तर पाणी आणि काचेच्या मधे केसाएवढी फट! ती मीच ठेवलेली, कारण दोन पृष्ठभाग तंतोतंत एकाच जागी आले की काळे डाग पडतात. पण रेंडररसाठी (चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) फट म्हणजे हवा, मग ती कितीही बारीक असो.

आता काचेचा अपवर्तनांक (आयओआर, म्हणजे पदार्थ प्रकाश किती वाकवतो तो आकडा) साधारण 1.5, पाण्याचा 1.33, हवेचा 1. काचेतून हवेत जाणारा किरण पृष्ठभागाच्या लंबापासून 42 अंशांहून जास्त तिरका असला की बाहेर पडतच नाही, अख्खा मागे फिरतो, शाळेतलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. गोल ग्लासाच्या कडांना किरण आतल्या भिंतीवर असेच तिरके पडतात, म्हणून तिथे आरसा तयार होतो. मधे हवा नसेल, काचेला थेट पाणी लागलेलं असेल, तर हाच कोन जवळपास 63 अंशांवर जातो आणि ते किरण आरामात पाण्यात शिरतात. एवढ्याशा फटीने इतका फरक!

उपाय दोन आहेत. पाण्याचा मेश (मॉडेलचा जाळीदार पृष्ठभाग) थोडा काचेच्या आत घुसवायचा आणि रेंडररमध्ये प्रायॉरिटीची (दोन वस्तू एकमेकींत घुसल्या तर तिथे कोणती धरायची ते ठरवण्याची) सोय असेल तर काचेला जास्त प्रायॉरिटी द्यायची. सोय नसेल तर जिथे पाणी काचेला टेकतं तो पृष्ठभाग एकच ठेवायचा, नॉर्मल्स (पृष्ठभागाची बाहेरची बाजू दाखवणारे बाण) काचेच्या दिशेने, आणि त्याला आयओआर द्यायचा 1.33 भागिले 1.5, म्हणजे 0.89. मी हा दुसरा घेतला. आणि हो, ट्रान्समिशन बाउन्सेस (किरणाने किती पारदर्शक पृष्ठभाग ओलांडायचे त्याची मर्यादा) बघून घ्या, ग्लासाच्या आरपार जाताना किरणाला कमीत कमी चार पृष्ठभाग ओलांडावे लागतात, लिमिट कमी पडली की तिथे काळं दिसतं.

नव्या रेंडरमध्ये पाण्याच्या वर काचेची जाडी स्पष्ट दिसते आणि पाण्याच्या पातळीखाली ती गायबच होते, पाणी अगदी बाहेरच्या कडेपर्यंत भरल्यासारखं वाटतं. शेजारी खरा ग्लास भरून ठेवला, त्यातही अगदी तसंच दिसत होतं.