खैरी खुडूक बसली, तेव्हाची वही

माझी कोंबडी खैरी तीन दिवस अंड्याच्या खोक्यातून उठेना. हात घातला की पिसं फुलवून गुरगुरायची, खाली काही नसलं तरी. याआधी दोनदा तिची खुडूक, म्हणजे अंडी उबवत बसायची ओढ, मोडली होती. या वेळी बसवायचीच असं ठरवलं.

दिवस १. अंधार पडल्यावर ९ अंडी एकदमच खाली सरकवली. रोज एकेक ठेवलं तर पिल्लंही मागंपुढं निघतात, आणि पहिली चालायला लागली की आई उरलेली अंडी सोडून उठते. प्रत्येक अंड्याला पेन्सिलीनं गोल खूण केली. ढवळी ही दुसरी कोंबडी, तिला बाकीची खोकी रिकामी असूनही खैरीच्याच अंगावर चढून अंडं घालायचं असतं. खूण नसेल तर आजचं कुठलं आणि बसवलेलं कुठलं हे कळायला मार्ग नाही.

दिवस ४. दिवसातून एकदाच उठते, पंधरा-वीस मिनिटं. खाते, पिते, आणि एक भलामोठा घाणेरडा गोळा टाकून परत जाते. नवीन माणसानं घाबरू नये, दिवसभराचं साठवलेलं असतं ते. एरवीही आठ-दहा शिटांमागे एखादी चिकट, तपकिरी, उग्र वासाची असते, तीही हगवण नव्हे. पहिल्या वर्षी मी तेवढ्यावरून दोनदा औषध आणलं होतं.

दिवस ७. रात्री अंडी टॉर्चवर धरून पाहिली. सहांत कोळ्यासारखा ठिपका आणि त्याला फुटलेल्या शिरा. दोन कोरी. एकात रक्ताचं कडं, म्हणजे जीव धरला होता आणि मेला. ती तिन्ही काढली. कुजलेलं अंडं खोक्यात फुटलं की उरलेल्यांचंही वाटोळं होतं.

दिवस ८. आज स्वतःवरच चिडलो आहे. खैरीला उचलली तर हाताला नुसतं छातीचं हाड लागलं. बसलेली कोंबडी थोडी उतरते, ते ठीक. पण तुराही फिका पडलेला. शेपटीखालची पिसं बाजूला केली तर पिसांच्या मुळाशी साखरेचे दाणे चिकटावेत तशा लिखांच्या गुठळ्या, आणि उजेड पडताच पळणाऱ्या पिवळसर उवा.

माझी रोजची पद्धत अशी: कोंबड्या रात्री झोपतात त्या दांडीखाली शिट पडायला फळी टाकलेली आहे. सकाळी आधी ती पाहायची, मग साफ करायची. रात्री दांडीवर बसल्या की प्रत्येकीच्या गळ्याखालच्या पिशवीला हात लावायचा, भरलेली पाहिजे. सकाळी तीच रिकामी पाहिजे. फुगलेली किंवा घट्ट लागली तर ती कोंबडी त्या दिवशी वेगळी. या हजेरीत सहसा काही सुटत नाही. पण खुडूक कोंबडी दांडीवर झोपतच नाही! फळीवर तिचं काही पडत नाही, रात्री माझा हात तिच्यापर्यंत जात नाही. आणि नेमकी तीच मातीत लोळायचंही सोडते, म्हणजे उवांना मोकळं रान. जिच्याकडे जास्त लक्ष हवं तीच माझ्या यादीबाहेर.

पशुवैद्यांना विचारून पावडर आणली. पंखांखाली आणि शेपटीखाली चोळली, खोक्यातला भुसा सगळा बदलला. पावडरीनं लिखा मरत नाहीत, म्हणून आठ दिवसांनी पुन्हा करावं लागणार. दांडीच्या फटी रात्री पांढऱ्या फडक्यानं पुसून पाहिल्या. लाल माइट नावाचे बारीक जीव दिवसा तिथं लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात, फडक्यावर लाल रेघ उमटते. फडकं कोरं निघालं.

दिवस १६. दुसरी पावडर. नव्या लिखा नाहीत. आता तिला रोज उठवून खोक्याबाहेर, कोरड्या मातीच्या घमेल्यात ठेवतो. पहिल्या दिवशी रागानं उभीच राहिली, दुसऱ्या दिवशी लोळली.

दिवस २१. सकाळी चार निघाली. पाचव्यानं कवचाला भोक पाडलं आणि तिथंच थांबलं. मागच्या खेपेला अशा वेळी मी कवच सोलायला गेलो होतो. आतल्या पडद्यातल्या शिरा अजून भरलेल्या होत्या, रक्त लागलं आणि पिल्लू गेलं. भोकापासून बाहेर पडेपर्यंत बारा ते चोवीस तासही लागतात. म्हणून या वेळी टॉर्च घरात ठेवून दिला.

दिवस २२. पाचवं आपलं आपण निघालं. सहावं आतच मेलं. आधी निघालेल्यांना खायला द्यायची घाई नव्हती, पोटात ओढून घेतलेला बलक दोन दिवस पुरतो. पाण्याच्या ताटलीत खडे टाकले, नाहीतर त्यात पडून बुडतात.

पहिले तीन आठवडे लिहिण्यासारखं काही नाही. लसी वेळेवर. खाद्य सगळ्यांना पिल्लांचंच ठेवलं. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम इतकं असतं की पिल्लांचे मूत्रपिंड बिघडतात. उलट मोठ्यांना पिल्लांचं खाद्य चालतं, फक्त शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, पिल्लांच्या उंचीच्या वर टांगायचा.

चौथा आठवडा. एक पिल्लू खांदे पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात. ही पाचही आईबरोबर जमिनीवर झोपत होती, म्हणजे पुन्हा फळीच्या बाहेर. भुसा चाळला तेव्हा शिटेत रक्त दिसलं. पाण्याच्या भांड्याभोवती वीतभर जागा ओली होती आणि मी ती दोन-तीन दिवस पाहत होतो. रक्ती हगवणीचे जंतू मोठ्यांच्या पोटातही असतात, त्यांना सवय झालेली असते. शिटेतून पडल्यावर ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ते रोग लावण्याजोगे होतात. नेहमीच्या जंतुनाशकाला दाद देत नाहीत, त्यांना कोरडेपणाच मारतो.

नमुना तपासून घेतला, पाण्यातून अँप्रोलियम सुरू केलं. आणि माझा शहाणपणा पाहा: पिल्लं अशक्त झाली म्हणून त्याच पाण्यात व्हिटॅमिनचं टॉनिकही घातलं. पशुवैद्यांनी फोनवरच थांबवलं. अँप्रोलियमची घडण बी-१ सारखी असते. जंतू बी-१ समजून ते घेतात आणि उपाशी मरतात. आपण वरून खरं बी-१ ओतलं की औषधाचा जोर जातो. टॉनिक द्यायचंच तर औषधाचे दिवस संपल्यावर. माझा दीड दिवस वाया गेला. पहिलं पिल्लू त्यातच गेलं. बाकीच्या चारांपैकी दोघांना रक्त पडलं होतं, ती सावरली.

भुसा सगळा काढला. पाण्याचं भांडं विटेवर चढवलं, पिल्लांच्या पाठीइतकं उंच, आणि जसजशी वाढतील तशी आणखी वीट. खाली जाळी टाकली. आता पिल्लं झोपतात तिथंही जुना पुठ्ठा अंथरतो, रोज सकाळी तोही पाहतो.

सातवा आठवडा. खैरीनं परवापासून पिल्लांना टोचून लांब करायला सुरुवात केली आणि संध्याकाळी सरळ दांडीवर, आपल्या जुन्या जागी. चारही पिल्लं खाली ओरडत बसली, मग अंड्याच्या खोक्यात घुसून झोपली. ती सवय लागली तर खोकी रोज घाण होणार. म्हणून अंधार पडला की एकेकाला उचलून दांडीवर ठेवतो. त्यातल्या दोघांचे तुरे आत्ताच लाल आणि जाड दिसतायत, कोंबडे असणार. आज तिसरी रात्र. तीन टिकली, एक परत खोक्यात.