माईक चालू ठेव गो

आमच्या घरात रेंज म्हणजे माडीवरच्या खिडकीत एक काडी, पडवीत कधी दोन कधी शून्य, आणि पाऊस लागला की तीपण नाही. देवगडच्या आतल्या बाजूचं गाव, खाली खाडी, वर सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, घरं सगळी मधल्या उतारावर कलमांच्या आत लपलेली, त्यामुळे धड रेंज मिळते ती फक्त सड्यावर. तिथे मात्र फुल्ल. २०२१ च्या जुलैत बीजीएमआय, म्हणजे फोनवरचा तो बंदुकांचा ऑनलाईन गेम, आला तेव्हा मी बारावीत होते. पाऊस संपला, दसरा झाला आणि गावातले सगळे मुलगे रात्री जेवून सड्यावर जायला लागले, कातळावर गोणपाट टाकायचं, पॉवरबँक जोडायची आणि एक-दीड वाजेपर्यंत स्क्वॉड, म्हणजे चौघांची टीम करून, खेळायचं. दादापण जायचा. मी दिवसा त्याच्याच फोनवर खेळायचे आणि नेम माझा त्याच्यापेक्षा बरा होता, हे तोही कबूल करायचा, पण रात्र झाली की दादापण वर आणि फोनपण वर.

एकदा म्हटलं मीपण येते. आजी म्हणाली, "रात्रीचा सड्यार नको गो बाय, जनावरां असतत."

"मगे दादाक चावणत नाय?"

"तो झील असा."

आजीला माझी काळजीच होती, त्यात मला शंका नाही. पण जनावर म्हणजे साप, आणि फुरसं काय चेडू-झील, मुलगी-मुलगा, बघून चावत नाही, आणि आज मागे वळून बघते तेव्हा कळतं की माझ्या नि दादाच्या गेममध्ये जे अंतर पडलं ते तिथून पडायला लागलं. कारण हा गेम शिकायची वेळ रात्रीची असते. चांगल्या टीम्स सराव करतात, रूम लावतात म्हणजे आपसात ठरवून मॅच खेळतात, सगळं रात्री नऊच्या पुढे. सड्यावर पिंग, म्हणजे नेटमुळे लागणारा उशीर, चाळीस-पन्नास, माझ्या माडीवर एकशेऐंशी-दोनशे, म्हणजे समोरचा कधीच भिंतीआड गेलेला असतो आणि माझ्या स्क्रीनवर तो अजून उघड्यावर उभा दिसतो, मी मारते त्या सगळ्या गोळ्या फुकट. असं वर्षभर चाललं की बघणारा म्हणतो हिचा एमच, म्हणजे नेमच, कच्चा आहे.

आणि मग ते नेहमीचं वाक्य येतं की ह्यात तर ताकद लागत नाही, अंगठा तो अंगठा, मग मुली का नाहीत वर, इंटरेस्टच नसेल. हे बोलणारा फक्त मॅचची तीस मिनिटं मोजतो, त्याच्या आधीची वर्षं मोजत नाही, फोन कोणाच्या नावावर होता, रात्री दार कोणासाठी उघडं होतं, भांडी कोणी घासली.

रेंजचं एक झालं. त्याहून मोठी गोष्ट माईकची, आणि खरं म्हणजे मला त्याबद्दलच लिहायचं होतं.

पहिल्यांदा मी अनोळखी स्क्वॉडमध्ये बोलले ते नुसतं "डावीकडे गाडी येतेय" एवढंच. दोन सेकंद शांतता. मग एक म्हणाला अरे मुलगी आहे. त्यानंतर त्या मॅचमध्ये गेमबद्दल कोणी काही बोललंच नाही, एक नंबर मागत होता, एक गाव विचारत होता, आणि तिसरा सारखं म्हणत होता जा भाकऱ्या थाप. मी नॉक झाले, म्हणजे गोळ्या लागून खाली पडले पण अजून मेले नव्हते, तेव्हा तो तिसरा माझ्यापासून दहा पावलांवर होता, झोन, म्हणजे तो आकसत येणारा घेरा, लांब होता, वेळ होता, पण त्याने रिव्हाइव केलं नाही, म्हणजे मला उठवलं नाही, उभा राहून बघत बसला. मी मेले, माझा पेटीचा डबा झाला, तेव्हा तो माझं सामान उचलून गेला.

त्या दिवशी माईक बंद केला तो पुढे दोन वर्षं. आयडीचं नाव बदलून पुरुषाचं ठेवलं, कॅरेक्टर मिशीवालं घेतलं. गंमत म्हणजे मुलगे सर्रास मुलीचं कॅरेक्टर घेऊन खेळतात, स्किन छान असतात म्हणून, त्यांना कोणी काही विचारत नाही.

आता जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी सांगते माईक बंद म्हणजे काय होतं. स्क्वॉड चौघांचा असतो. वर होकायंत्राची पट्टी असते, शत्रू दिसला की नुसतं "तीनशे दहा, दगडामागे, एक" एवढं बोललं की चौघांच्या बंदुका तिकडे वळतात, अर्ध्या सेकंदाचं काम. माईक नसेल तर अंगठा काढायचा, मार्कर टाकायचा किंवा तयार मेसेजच्या यादीतून एक दाबायचा, आणि तेवढ्यात तुम्ही मेलेले असता. आयजीएल, म्हणजे जो टीमला सांगतो आता कुठे जायचं, कधी रश करायचा, कधी थांबायचं, तो तर माईकशिवाय होताच येत नाही. म्हणजे मुलगी गप्प राहून खेळली तर ती कायम चौथी राहणार, मागे मागे चालणारी, सपोर्ट. मग म्हणायला मोकळे की मुलींना गेम वाचता येत नाही. अरे, वाचता येतो, आम्ही दोन वर्षं मनातल्या मनात कॉल देत होतो.

२०२५ च्या गणपतीतली गोष्ट. मंडळाने बीजीएमआयची टूर्नामेंट ठेवली, चाकरमानी मुलगे मुंबईहून भारी भारी फोन घेऊन आलेले, सभागृहात वायफाय. चतुर्थीच्या पाचच दिवस आधी, २२ ऑगस्टला, तो ऑनलाईन गेमिंगचा नवा कायदा सही होऊन आला होता, त्यामुळे मंडळात दोन दिवस नुसती चर्चा की आपलं बेकायदेशीर होतंय का. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आहे, ईस्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे गेम, त्यात वेगळं धरलंय, हे मीच वाचून दाखवलं, तरी खबरदारी म्हणून त्यांनी प्रवेश फी काढून टाकली. ह्याच कायद्याची बातमी बघून घरोघरी बापलोकांनी "बघ, सरकारनेच बंद केला गेम" असं म्हणायला सुरुवात केली होती, आणि माझ्या बघण्यात तरी ते मुलींनाच म्हटलं गेलं.

आमच्या चौघींची टीम दिली. मी, माझी चुलत बहीण, कॉलेजातली एक मैत्रीण, आणि शेजारच्या घरातली सून, तिला आम्ही वहिनी म्हणतो, लग्नाआधी ती बदलापूरला होती तेव्हापासून खेळते आणि आमच्या चौघींत सगळ्यात थंड डोक्याची तीच. नाव नोंदवायला गेले तर टेबलावरचा मुलगा म्हणतो, "चौघी चेडवां खंयसून आणतलंस?" त्याला वाईट बोलायचं नव्हतं, त्याला खरंच वाटलं की नसतीलच.

वहिनीच्या सासूबाईंना तयार करणं हा वेगळाच अध्याय. शेवटी वहिनीने त्यांना एप्रिल २०२४ चा तो व्हिडिओ दाखवला ज्यात पंतप्रधान गेमर्सना भेटतात, सात जण होते, त्यात पायल धारे ही एकटीच मुलगी, छिंदवाड्याची, मोठ्या शहरातली नाही. सासूबाईंनी नीट बघितला आणि म्हणाल्या जा, पण आरती चुकवू नको. आणि रात्री उशिराचं म्हणाल तर गणपतीत बायका फुगड्या घालत दोन-दोन वाजेपर्यंत जाग्या असतात, घरोघर फिरतात, तेव्हा कोणाला जनावरं आठवत नाहीत. हे मी आजीला बोलले. आजी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बॅटरी घेवन जा."

पहिल्या मॅचला आम्ही अकराव्या. दुसऱ्या मॅचला माझे सात किल झाले आणि टीम दुसरी आली. आणि तिथेच गडबड सुरू. मागच्या रांगेतून एक जण ओरडला की हिचा भाऊ खेळतोय हिच्या आयडीवरून. दादा माझ्यापासून चार खुर्च्या सोडून त्याच्या टीममध्ये बसलेला, सगळ्यांना दिसत होता! तरी आयोजकांनी मला माझा फोन घेऊन पुढच्या टेबलावर, सगळ्यांसमोर बसायला सांगितलं. हातावर कॅमेरा. सात किल त्या दिवशी अजून दोन मुलग्यांनी केले होते, त्यांना कोणी पुढे बोलावलं नाही.

तेव्हा मला गेगुरीची आठवण झाली, म्हणजे किम से-यॉन, ओव्हरवॉच ह्या कॉम्प्युटरवरच्या शूटिंग गेमची कोरियाची खेळाडू. २०१६ मध्ये ती सोळा-सतरा वर्षांची होती, झार्या हे कॅरेक्टर इतक्या अचूक खेळायची की समोरच्या टीममधल्या प्रो खेळाडूंनी चीटिंगचा आरोप केला. कंपनीने तपासून ती निर्दोष आहे सांगितलं. तरीसुद्धा तिला लाईव्ह कॅमेऱ्यासमोर, तोंडावर मास्क लावून, माऊसवरचा हात दाखवत खेळून दाखवावं लागलं. आरोप करणारे दोघे गेम सोडून गेले आणि ती २०१८ मध्ये शांघाय ड्रॅगन्समधून ओव्हरवॉच लीगमध्ये खेळणारी पहिली बाई झाली. मी ही गोष्ट आधी वाचली होती तेव्हा शेवट वाचून आनंद झाला होता. टेबलावर स्वतः बसल्यावर मला त्या मास्कचं कळलं. हात थरथरतो. आपण खेळत नसतो, आपण साक्ष देत असतो.

तिसऱ्या मॅचला माझे दोन किल. एकूण आम्ही पाचव्या आलो. शिवाय कॉमेंट्रीवाला आम्हाला टीमच्या नावाने एकदाही बोलला नाही, "आपली लेडीज टीम" "आपली लेडीज टीम", आणि आम्ही नुसत्या पॅराशूटने उतरलो तरी टाळ्या. त्या टाळ्या मला त्या आरोपाइतक्याच लागल्या.

नंतर एका काकांनी चांगल्या मनाने सुचवलं की पुढच्या वर्षी मुलींची वेगळीच ठेवूया. मी लगेच हो पण म्हटलं नाही आणि नाहीपण नाही. कारण वेगळं ठेवण्याचे दोन प्रकार असतात. २०१४ मध्ये फिनलंडमध्ये हार्थस्टोनची एक पात्रता स्पर्धा होती, ती फक्त पुरुषांसाठी, कारण ईस्पोर्ट्सच्या जागतिक फेडरेशनने खेळच वाटून टाकले होते, हे पुरुषांचे, हे बायकांचे. हार्थस्टोन म्हणजे पत्त्यांचा गेम! लोक भडकले, फेडरेशनने सारवासारव करताना बुद्धिबळाचा दाखला दिला आणि दोन दिवसांत नियम बदलला, सगळ्या स्पर्धा सर्वांना खुल्या आणि शिवाय बायकांच्या वेगळ्या. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच हार्थस्टोनच्या जागतिक फायनलला चीनची ली शिआओमेंग जिंकली, तीन-शून्यने, दोन लाख डॉलर. स्टेजवर तिने सांगितलं की दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या रांगेत ती उभी होती तेव्हा कोणीतरी तिला म्हणालं होतं, मुलगी असशील तर ह्या रांगेत उभी राहू नकोस. दार बंद करायचं आणि त्याला बायकांसाठी वेगळी सोय म्हणायचं, हा एक प्रकार.

दुसरा प्रकार व्हॅलोरंट ह्या शूटिंग गेमच्या गेम चेंजर्स स्पर्धांसारखा, २०२१ पासून चालू आहे, बायकांसाठी आणि जेंडरमुळे बाजूला पडलेल्या इतरांसाठी, ट्रान्स खेळाडूंसाठीही. २०२२ ला बर्लिनमध्ये त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती जी टू गोझेन ही टीम जिंकली. ह्यात मुख्य स्पर्धेचं दार बंद होत नाही, पण माईक चालू ठेवून बोलायची, कॉल द्यायची, चुकायची सवय होते आणि कोणी भाकऱ्या काढत नाही. मला ही सवय सगळ्यात महत्त्वाची वाटते. तरी नुसतं तेवढ्यावर थांबू नये, कारण स्कारलेट, कॅनडाची साशा होस्टिन, ट्रान्स बाई आहे, तिने २०१८ ला प्योंगचांगमध्ये स्टारक्राफ्ट टू ह्या डावपेचाच्या गेमची मोठी स्पर्धा जिंकली ती खुल्या गटात, कोरियात जाऊन, कोरियन लोकांच्या खेळात.

आणि बुद्धिबळाचा दाखला द्यायचाच तर आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचा द्या. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्सची स्पर्धा खेळून आल्यावर तिने लिहिलं की प्रेक्षक तिचा खेळ सोडून कपडे, केस, बोलण्याची ढब ह्यावरच बोलत होते. पुढच्या वर्षी जुलैत, एकोणिसाव्या वर्षी, तिने महिला वर्ल्ड कप जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. पण मला वाटतं तिने ते लिहिलं तेव्हा ती वर्ल्ड कप विजेती नव्हती आणि तेव्हाच ऐकायला हवं होतं. आमच्या इथे अशी पद्धत आहे की आधी जिंकून दाखव, मग तुझी तक्रार ऐकू. पाचव्या आलेल्या टीमने काही बोलायचं नाही.

म्हणून मी काकांना सांगितलं, वेगळी ठेवा, पण दिवसा ठेवा, चार वाजता, आणि गणपतीपर्यंत थांबू नका, वर्षभर सरावाला जागा द्या. गणपतीतली मोठी स्पर्धा मात्र सगळ्यांना एकच. फोन तपासायचे तर सगळ्यांचे तपासा. आणि कॉमेंट्रीत टीमचं नाव घ्या.

वाचनालयात फायबर आलंय, तिथली ओटी रविवारी चार ते सहा मिळाली. मी कणकवलीला नोकरीला असते, रविवारी घरी येते. आम्ही चौघी होतोच, आता अजून पाच मुली येतात, एकीच्या फोनचा माईक बिघडलेला म्हणून वहिनीने तिला अडीचशेचा हेडफोन घेऊन दिला. सगळ्यात लहान दहावीतली आहे, नेम असा की मी बघत राहते, पण पहिले तीन रविवार तोंडातून शब्द नाही, सगळं मार्करने. काय बोलायचं ते येतं तिला, पण हिरवं बटण दाबायला बोट जात नाही, आणि मला ते बोट फार ओळखीचं आहे.

गेल्या रविवारी शेवटचा झोन, आम्ही दोघीच उरलेल्या, मी दगडाआड नॉक होऊन पडलेले. म्हटलं, "माईक चालू ठेव गो, माका काय दिसणा नाय, तूच सांग."

थोडा वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मग एकदम, "दोनशे चाळीस, झाडामागे दोघे असत, तू हलू नको, मी येतंय."