रविवारची शर्यत

रविवार, रात्री. सदर, नागपूर.

आगमनकाळातला, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतला रविवार आणि आज मी चर्चच्या उपासनेला नव्हते. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात, जाळीच्या बाहेर, दुसऱ्याच्या लेकीचा स्वेटर आणि पाण्याची बाटली धरून उभी होते. सतरा वर्षांखालील मुली, आठशे मीटर.

भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला येणारी ही पोर. शाळेचे सर मुलांच्या तुकडीबरोबर, मुलींसोबत बाईमाणूस हवं. तिची आई दारात आली आणि म्हणाली, “ताई, पोरीसंगं तुमीच जा जी. धान चुराचं हाय, माह्यानं नाई जमत.” एवढ्या विश्वासाने लेक हाती देणाऱ्या माउलीला मी काय विचारणार होते, स्पर्धा कोणत्या वारी आहे ते?

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या काकांनी मात्र वार विचारला. त्यांच्या मनात राग नव्हता, काळजी होती. “मिशनचं काम करणारी बाई रविवारी मैदानावर? एरिक लिडल आठवा.”

आठवला. दिवसभर तोच आठवत राहिला. हा स्कॉटिश धावपटू रविवार देवाचा दिवस मानायचा. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली म्हणून तो धावला नाही. वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधी कळलं होतं. त्याने आरडाओरडा केला नाही, चारशे मीटरची तयारी केली आणि बाहेरच्या लेनमधून ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक आणलं. पुढच्याच वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला. आमच्या रविवारच्या शाळांत ही गोष्ट इथवर सांगतात आणि थांबतात. मला तिचा पुढचा भाग जास्त जवळचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला चीनमधल्याच वेहसिएनच्या कैद्यांच्या छावणीत डांबलं. तिथल्या मुलांचे खेळ तोच घ्यायचा, पण रविवारी नाही. एका रविवारी मुलं आपापली हॉकी खेळली आणि पंच नसल्यामुळे भांडणावर आली. पुढच्या रविवारी लिडल स्वतः शिट्टी घेऊन मैदानात उभा राहिला. ज्याने स्वतःसाठी ऑलिम्पिकची शर्यत सोडली, त्याने पोरांसाठी आपला नेम सोडला. फेब्रुवारी १९४५ मध्ये, सुटका व्हायच्या काही महिने आधी, मेंदूतल्या गाठीने तो त्याच छावणीत गेला.

सकाळी अंधारातच निघालो. थंडी चांगलीच बोचत होती. ऑटो ऑल सेंट्स कॅथेड्रलवरून गेला तेव्हा फाटक अजून बंद होतं. २९ नोव्हेंबर १९७० ला याच ठिकाणी वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतातली आमची एक मंडळी, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली. तोही रविवार होता, आगमनकाळाचा पहिला. पोरीला मी यातलं काही सांगितलं नाही. प्रवासाला निघण्याआधीच ठरवलं होतं: हा दिवस तिचा आहे. आईने विश्वासाने सोपवलेल्या लेकीला एकटी गाठून धर्म सांगायचा नसतो. लोक आमच्याकडे संशयाने पाहतात म्हणून मी हे पाळत नाही. ते मुळातच चुकीचं आहे असं मी मानते.

विषय तिनेच काढला. दंडावरचा आईने बांधलेला काळा दोरा बोटाने फिरवत म्हणाली, “ताई, तुमी माह्यासाठी प्रार्थना करता का?”

“करते.”

“जिंकाची?”

“दम टिकावा, पाय मुरगळू नये, याची. जिंकायचं तू बघ.”

ती हसली आणि पोह्यांकडे वळली. तर्री नको म्हणून मीच दटावलं. शर्यतीआधी पोटात आग कशाला?

संकुलात पहिला तास कागदांत गेला. बोनाफाईड, आधार, जन्मतारखेचा दाखला, चेस्ट नंबर. शेजारच्या रांगेतल्या एका पालकांनी विचारलं, “तुम्ही हिच्या कोण?” मी म्हटलं, “गावातली ताई. मिशनचं काम करते.” त्यांनी एकवार पोरीकडे, एकवार माझ्याकडे पाहिलं. मग थोड्या वेळाने स्वतःहून सेफ्टी पिना आणून दिल्या. त्यांची मुलगी थाळीफेकीला होती.

आमची पोर गावात मातीवर पळते. सिंथेटिक ट्रॅकवर तिचा पहिलाच दिवस. मागून आणलेले स्पाईक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, अर्धा बोट मोठे, पुढे कापूस कोंबलेला. वॉर्मअपला दोन पावलं टाकली आणि माझ्याकडे वळून ओरडली, “ताई, हे उसळी मारते!” तो आनंद बघायला तिची आई तिथे हवी होती.

आठशेला बसून सुरुवात नसते, उभ्यानेच निघायचं. पहिलं वळण आपापल्या लेनमध्ये, मग सगळ्या आत घुसतात. तिथेच ढकलाढकली होते आणि सरांनी तिला सतरांदा बजावलं होतं की तिथे घाबरून वेग वाढवू नकोस. तिने वाढवला. पहिल्या फेरीची घंटा वाजली तेव्हा ती सगळ्यांच्या पुढे होती, आणि मला कळलं की हे तिला पेलणार नाही. जाळीला धरून मी काय पुटपुटत होते ते देवालाच ठाऊक. शेवटच्या वळणावर खांदे वर चढले, हात आखडले, चंद्रपूरकडच्या दोघी गेल्या, मग आणखी एक. चौथी आली. राज्यस्पर्धेचं दार बंद झालं.

बायबलमध्ये पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात धावण्याचा दाखला दिला तो उगीच नाही. त्यांच्या शहराजवळच इस्थमियाचे खेळ भरत आणि शर्यत कशी असते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मला आज कळलं, हा दाखला जाळीबाहेर उभ्या राहणाऱ्यालाही चांगला समजतो. धावता येत नाही, थांबवता येत नाही, आणि तरी छाती धपापते.

पोर रडली नाही. गवतावर आडवी पडून श्वास घेतला आणि पहिलं वाक्य होतं, “दुसऱ्या राऊंडले पाय जडच झाले जी.” मी स्वेटर अंगावर टाकला. समजूत घातली नाही, तिला नको होती. तिला पहिल्या आलेल्या मुलीशी बोलायचं होतं. गेली, आणि बराच वेळ दोघी स्पाईक्स हातात घेऊन काहीतरी दाखवत बसल्या.

आता पलीकडच्या खाटेवर ती गाढ झोपली आहे. सकाळची एसटी गणेशपेठहून. गावी पोचल्यावर सरांना सांगायचं आहे की घंटेआधीचा वेग आवरायला शिकवा, आणि मापाचे बूट कुठून मिळतील ते बघायचं आहे. काकांकडेही जाईन. लिडलची छावणीतली गोष्ट त्यांना सांगेन. पुढच्या मोसमात स्पर्धा रविवारी आली तरी मी जाणार आहे, हे त्यांना आत्ताच कळवून ठेवते, म्हणजे त्या दिवशीच्या उपासनेतल्या वाचनाला ते दुसऱ्या कुणाला तयार ठेवतील.