आमची वाटचाल : हायपो, पाणी आणि जुनी वर्तमानपत्रं

बाबांचा नवी पेठेत फोटो स्टुडिओ होता. डार्करूममध्ये ते एकच गोष्ट सारखी बजावायचे : "हायपो पुरता धुऊन निघाला पाहिजे, नाहीतर फोटो पिवळा पडतो." हायपो म्हणजे फोटो पक्का करणारं रसायन. डिजिटल कॅमेरे आले, स्टुडिओचं काम आटलं आणि मी मायक्रोफिल्मिंगकडे, म्हणजे जुन्या कागदांची पानं फिल्मच्या रिळावर बारीक आकारात टिपण्याकडे वळलो. आपल्या सोलापुरात जुने कागद मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांतले. मोडीतल्या वह्या वेगळ्याच. त्यात १९३० च्या मार्शल लॉच्या काळातली वर्तमानपत्रं. हात लावला की कडा मोडायच्या.

पहिल्याच मोठ्या कामात आम्ही चुकलो. एका वाचनालयाचे वर्तमानपत्रांचे बांधीव खंड होते. मे महिना, नळाला चार दिवसांआड पाणी, सगळं टँकरवर. फिल्म धुण्याचा वेळ मी कमी केला. रीळ वाळून आलं तेव्हा चकचकीत होतं. पावसाळा संपल्यावर ग्रंथपाल बाईंचा फोन आला, "दादा, रिळावर पिवळी झाक दिसतेय." डबा उघडताच मला बाबांचे शब्द आठवले.

सगळं काम पदरमोड करून पुन्हा केलं. पण खंड दुसऱ्यांदा उघडताना सहा-सात पानांचे कोपरे तुटले. बाईंनी ते तुकडे काही न बोलता पाकिटात भरून ठेवले. त्यांनी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. जुना कागद कॅमेऱ्याखाली एकदाच यावा, म्हणून तपासणी. त्या दिवसापासून कामाची घडीच बदलली.

आता पाण्याची टाकी भरलेली असल्याशिवाय प्रोसेसर, म्हणजे फिल्म धुणारं यंत्र, सुरू होत नाही, मग काम कितीही खोळंबो. धुऊन झालेल्या फिल्मच्या कोऱ्या टोकावर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचा थेंब टाकतो; डाग तपकिरी उमटला की हायपो शिल्लक आहे, परत धुवायचं. शिवाय फिल्मचा तुकडा दोन आठवड्यांच्या आत मिथिलीन ब्लू चाचणीसाठी, म्हणजे उरलेला हायपो मोजायला, प्रयोगशाळेत जातो. पाचशे वर्षं टिकावी अशी पॉलिएस्टर फिल्म हवी असेल, तर चौरस मीटरला ०.०१४ ग्रॅमपेक्षा जास्त थायोसल्फेट (म्हणजे हायपोच) चालत नाही. हे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच मी त्याला सगळ्यात जास्त भितो.

स्पष्टपणा रिळाच्या सुरुवातीला घेतलेल्या चाचणी-तक्त्यावरून कळतो. सूक्ष्मदर्शकातून बघायचं, सगळ्यात बारीक कुठल्या गटातल्या रेघा सुट्या दिसतात. चित्रण बारा पट लहान असेल आणि दहाचा, म्हणजे मिलिमीटरला दहा रेघांचा, गट वाचता आला, तर फिल्मवर मिलिमीटरला १२० रेघा. इंग्रजी मजकुराला छोट्या 'e' अक्षराच्या उंचीवरून अंदाज बांधतात. आमच्या डोळ्यांना मात्र अनुस्वार आणि रफार शोधायची सवय. ते भरून बुजले, तर तक्ता काहीही म्हणो, ते पान मी पास करत नाही. पार्श्वभूमीची घनता, म्हणजे फिल्मचा काळेपणा, तो मोजणाऱ्या डेन्सिटोमीटरवर १.० च्या आसपास ठेवतो. फिकट शाईच्या मोडी पानांना थोडी कमी, नाहीतर बारीक रेघा बुजतात.

त्यानंतरचं काम चिकाटीचं. लाइट टेबलावर सुती हातमोजे घालून एकेक फ्रेम भिंगाखाली घ्यायची, मूळ पानाशी ताडून बघायची. तेलुगू आणि कन्नड रिळं आमच्या एक ताई बघतात, त्यांना दोन्ही लिप्या येतात. एकदा दोन पानं चिकटून उलटली होती. मजकूर जुळत नाही म्हणून त्यांनीच ओळखलं. मला ते दिसलं नसतं. पान मुळातच नसेल, तर तशी पाटी टिपतो, नाहीतर पुढचा वाचक आम्हालाच दोषी धरेल, आणि बरोबरच आहे.

मूळ निगेटिव्ह कधीच वाचकाच्या हाती जात नाही. तिच्यावरून एक छपाई-निगेटिव्ह आणि त्यावरून वाचनाची प्रत निघते. मूळ रीळ सोलापूरबाहेर, थंड कोरड्या जागी. इथल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो.

ते पिवळं रीळ बाईंनी आम्हाला परत दिलं. नीट धुऊन ठेवलंय. तुटलेल्या कोपऱ्यांवरचा मजकूर आता फक्त त्याच्यावरच पूर्ण वाचता येतो.