तगरचं कापड

एसटी डोळ्यांदेखत गेली, म्हणून धाराशिवहून काळी-पिवळीत अंग चोरून बसलो आणि पाऊण तासात तेरला उतरलो. वाटेत दोनदा घड्याळ पाहिलं, त्याची नंतर लाज वाटली. ‘पेरिप्लस’ हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ग्रीक भाषेतलं व्यापारी माहितीपुस्तक. त्यात या गावाचा हिशोब दिवसांत मांडलाय: भडोचहून दक्षिणेला 20 दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तगर. तगर म्हणजे आजचं तेर. इथला माल बैलगाड्यांतून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे निघायचा. महिनाभर!

गाव तेरणेकाठी, जुन्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर वसलेलं. पांढर उकरली की काहीतरी हाती लागतंच. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी असल्या वस्तू वर्षानुवर्षं गोळा केल्या, आणि आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय इथे आहे. दारातच एका आजोबांनी हटकलं, “कुन्या गावचं पाव्हणं? बाहुली बघितली का न्हाई?”

बाहुली म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. वीतभरसुद्धा नाही, पण दागिन्यांनी मढलेली. 1938 साली इटलीतल्या पाँपेईच्या उत्खननात अशाच धाटणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली. पाँपेई 79 साली ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती बाई त्याआधीच समुद्र ओलांडून तिथे पोचली होती. दोघी एकाच घडणीच्या की काय, यावर अभ्यासकांत वाद आहे. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी, म्हणजे वायव्य भारतातल्या जुन्या लिपीतलं अक्षर आहे, त्यामुळे काहींचा कौल वायव्येकडे जातो. मराठवाड्यातल्याच भोकरदनलाही तशीच एक मूर्ती निघाली आहे, तिची बाजू घेणारेही आहेत.

मला मात्र बाहुलीपेक्षा तिच्या शेजारची माती जास्त आवडली. साच्यातून काढलेल्या पांढुरक्या मातीच्या मूर्ती, मणी, आणि रोमन नाण्यांची नक्कल करून बनवलेली मातीची पदकं. सोन्याचं नाणं परवडत नसेल तर मातीचं गळ्यात घाला! ही हौस फार ओळखीची वाटली.

आणि ज्याच्यासाठी तगरचं नाव ग्रीक पुस्तकात गेलं, ते संग्रहालयात कुठेच नाही. तगरहून जाणाऱ्या मालात पहिलं नाव साध्या, जाड्याभरड्या कापडाचं, मग मलमलीचे नाना प्रकार. पैठणहून अकीक जायचा, तो दगड असल्यामुळे टिकला. कापड कुजून गेलं. कुणी कातलं, कुणी विणलं, ते विणकर तर आधीच गेले. हस्तिदंताचे फोटो छापून येतात, पण गाड्या भरल्या होत्या त्या गठ्ठ्यांनी.

दुपारी त्रिविक्रमाच्या देवळात गेलो. विटांचं बांधकाम, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. मुळात हे बौद्ध चैत्य असावं असं बरेच अभ्यासक मानतात. आत आता तीन पावलांत जग मोजणारा विष्णू उभा आहे. व्यापाऱ्यांच्या गावाला साजेसाच देव.

तिथून गोरोबाकाकांच्या दर्शनाला. थापटीने संतांची डोकी ठोकून कोण कच्चं, कोण पक्कं हे ठरवणारा कुंभार याच गावचा. देवळाबाहेर चहा घेताना पायाशी खापराचा एक लाल तुकडा दिसला. कालच्या माठाचा की सातवाहनांच्या रांजणाचा, मला कसं कळणार? उचलला, बोटाने पुसला, होता तिथेच ठेवला. तेवढ्यात काळी-पिवळीवाला ओरडला, “एकच शीट राहिलंय!”