तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापुरात बघायला काय आहे?

आमच्या नातेवाइकांसाठी सोलापूर हे गाव नाही, थांबा आहे. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर, कुठेही जायचं असलं तरी रात्रीचा मुक्काम आमच्याकडे. सकाळी चहाबरोबर ठरलेला प्रश्न येतो, "अहो, तुमच्या सोलापुरात बघण्यासारखं काय आहे?" सिद्धेश्वराचं देऊळ, भुईकोट किल्ला आणि शेंगाचटणी एवढं सांगून मी मोकळा व्हायचो. गेल्या दिवाळीत पुण्याच्या भाच्याने मात्र मला अडवलं. तो चित्रकला शिकतोय. म्हणाला, "मामा, म्युझियम किंवा आर्ट स्टुडिओ असं काही आहे का? देवळं नकोत."

देवळं नकोत म्हणणाऱ्याला सोलापूर दाखवायचं म्हणजे पंचाईतच. पण त्या दिवशी जे सुचलं तेच तुम्हालाही सांगतो.

म्युझियम म्हणाल तर आधी भैया चौकात जा. तिथे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे. २०१२ मध्ये ते स्मारक म्हणून खुलं झालं. कोटणीसांचा जन्म १९१० चा, सोलापूरचाच. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते गेले. बाकीचे एकेक करून परतले, हे नाही परतले. तिथल्याच गुओ चिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं, म्हणजे भारत आणि चीन एकत्र. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२व्या वर्षी, ते तिकडेच वारले. स्मारक लहान आहे, तासाभरात बघून होतं. चीनहून शिष्टमंडळं मुद्दाम येतात आणि शेजारच्या गल्लीतल्या माणसाने ते आतून पाहिलेलं नसतं. मीही चाळिशीनंतरच पाहिलं, तेव्हा दुसऱ्यांना काय बोलणार? निघण्याआधी उघडं आहे ना, एवढं विचारून घ्या. एका संग्रहालयाच्या कुलपासमोर मी पाहुण्यांसकट उभा राहिलेलो आहे.

तिथून चार पुतळ्यांपाशी या. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. चार आडनावांत आमचं अख्खं गाव आलं.

आता स्टुडिओ. मुंबईत शेअर बाजाराच्या इमारतीपाशी ब्राँझचा तो बैल आहे ना, ज्याच्यासोबत सगळे फोटो काढतात? तो घडवला सोलापूरच्या भगवान रामपुऱ्यांनी. हे सांगितल्यावर भाच्याचे डोळे चमकले. पण शिल्पकाराच्या कामाच्या जागी आगाऊ विचारल्याशिवाय जाऊ नये, हे मला वडिलांनी शिकवलंय. म्हणून त्याला म्हटलं, चल, तुला न विचारता जाता येईल असे स्टुडिओ दाखवतो. फक्त आमच्याकडे त्यांना स्टुडिओ म्हणत नाहीत, कारखाना म्हणतात.

शहराच्या पूर्व भागात, साखर पेठ, भवानी पेठ, अशोक चौक असं फिरलात की एखाद्या बोळात पावलांखालची जमीन थरथरते. खालच्या मजल्यावर माग चालू असतात. मालक आणि कामगार आपसात तेलुगूत बोलतात, तुमच्याशी मराठीत. दारात उभं राहून "जरा बघू का?" म्हटलं की बहुतेक जण आत घेतात. एकाने फक्त भाच्याला विचारलं, "काय बे, रील काढणार का?"

इथे मला जरा थांबू द्या, कारण माझे वडील याच धंद्यातले. ते डिझायनर होते, म्हणजे ग्राफपेपरवर चादरीचं डिझाइन काढायचे. खिडकीशी पाट, त्यावर कागद, हातात बारीक कुंचला. कागदावरची एक चौकट म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची गाठभेट. भरलेली चौकट एका रंगाची, मोकळी चौकट दुसऱ्या. गोल रेघ काढता येतच नाही. मोराच्या मानेला बाक द्यायचा तर पायऱ्या पायऱ्यांनी द्यावा लागतो, आणि चादर पलंगावर पसरली की त्या पायऱ्या दिसता कामा नयेत. हे जमलं तर डिझायनर, नाहीतर नुसता चौकटी भरणारा.

पुढे त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात. ती कार्डं ओळीने दोऱ्यात ओवून मागाच्या डोक्यावरच्या जकार्ड नावाच्या यंत्रावर चढवली, की भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि मधून आडवा धागा घेऊन धोटा सटकन पार होतो. पुढचा धोटा, पुढचं कार्ड. हे भाच्याला सांगत होतो आणि तो म्हणाला, "मामा, हे तर पिक्सेल!" वडील असते तर म्हणाले असते, असेल बाबा.

आता बरंचसं डिझाइन कॉम्प्युटरवर होतं. चादरीपेक्षा टॉवेलचे माग जास्त दिसतात, आणि पानिपतच्या मऊ ब्लँकेटांपुढे आमच्या जाड चादरीचं काही चालत नाही. भौगोलिक मानांकन मिळालं, पण सोलापुरी म्हणून भलतंच काही विकायचं थांबलेलं नाही. काही कारागीर मात्र अजून भिंतीवर लावायची चित्रं विणतात. शिवाजी महाराज, बाबासाहेब, किंवा तुमच्या आजोबांचा फोटो द्या, ते धाग्यात आणतात. एका कारखान्यात भाचा अशा एका चेहऱ्याच्या मिशीसमोर वीस मिनिटं उकिडवा बसला होता. माझे गुडघे दुखायला लागले म्हणून निघालो.

दुसऱ्या दिवशी त्याला देवळातच नेलं. त्याला सांगितलं दगड बघायला चाललोय, आणि ते खोटंही नव्हतं. सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे, हत्तरसंग कुडल आहे. हरिहरेश्वराच्या देवळात एक शिवलिंग आहे, त्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. मोजू नका, डोळे फिरतात. मला त्याहून प्रिय संगमेश्वराच्या देवळातली तुळई. तिच्यावर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे, आणि त्यातली एक ओळ मराठी: 'वाछि तो विजेयां होऐवा'. वाचेल तो विजयी होईल. गावोगाव फिरून शिलालेख गोळा करणारे सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीतला पहिला लेख हा की रायगड जिल्ह्यातल्या अक्षी गावचा, हा वाद तज्ज्ञांना घालू द्या. हजार वर्षांपूर्वी कुणालातरी वाटलं की लोक मान वर करून हे वाचतील, मला तेवढं पुरतं. भाच्याने चपला बाहेर काढल्या, आत येऊन फरशीवर उताणा झोपला आणि अक्षरं चितारत बसला. देवळं नकोत म्हणणारा!

वेळ उरला तर अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघा. तलवारींची आवड असेल तर उत्तमच, मला ती फार नाही. रोमन व्यापाराच्या काळातल्या मातीच्या मूर्ती बघायच्या असतील तर धाराशिव जिल्ह्यात तेरला लामतुरे यांच्या नावाचं संग्रहालय आहे, त्यासाठी मात्र अख्खा दिवस ठेवा. आणि पंढरपूरला जाणार असाल तर एक ऐकून ठेवा: मकबूल फिदा हुसेन तिथे जन्मले. विठोबाच्या रांगेत उभ्या असलेल्यांना हे कुणी सांगत नाही.

भाच्याचं एक राहिलं. वडिलांच्या हातून एकदा डिझाइनमध्ये चूक झाली. एका मोराची एक चौकट भरायची राहिली, कार्डालाही तशीच भोकं पडली, आणि अख्ख्या लॉटातल्या मोरांना डोळाच नाही. मालकाने त्यातल्या दोन चादरी पगारात धरल्या. एक विरली, दुसरी आमच्याकडे पाहुण्यांसाठी आहे. तीस-पस्तीस वर्षं अर्धं गोत ती पांघरून झोपलं आणि सकाळी उठून सोलापुरात बघायला काय आहे, म्हणून विचारून गेलं.

कुडलहून आलो त्या रात्री भाच्याने ती उलगडली, उलटी केली, उलट बाजूचे रंग बघितले, परत सुलटी केली. आम्ही दिवे मालवायच्या बेतात होतो.

"मामा, याला डोळा नाही?"

मी उठून बसलो आणि हिला म्हटलं, चहा टाक.