भाजणीचा हिशोब
चकलीची भाजणी घरून विकायची, हे ठरवून दोन महिने झाले. हिशोबाची वही मात्र आज उघडली. 1 किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ आणि वर धणे-जिरे हे प्रमाण सासूबाईंच्या हाताला ठाऊक होते, पण भाजून, गिरणीतून दळून आणल्यावर वजन किती घटते, हे आम्ही कधी मोजलेच नव्हते. आज जवळजवळ 100 ग्रॅम कमी भरले आणि ठरवलेला दर साहजिकच चुकला. गॅस आणि स्वतःची मजुरी तर मी धरलीच नव्हती (घरच्या बाईची मजुरी कोण धरतो!). उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) विनाशुल्क झाली. अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक हाती आल्याखेरीज मात्र पिशव्यांवरची लेबले छापायला देणार नाही.